वीस टक्के देवाचे

आजवर हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही: आमच्या साडूंचा हिशेब आयुष्यात एकदाही चुकलेला नाही. ज्या एका दिवशी तो चुकला असं धार आणि देवास या दोन्ही गावांतले आमचे झाडून सगळे नातेवाईक धरून चालतात, त्या दिवशीही नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि का ठाऊक आहे ते सांगायला मला बरीच वर्षं लागली. मुळात मी कमी बोलणारा माणूस. पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्टच्या बसनं जायचं, खिडकीला डोकं टेकायचं, परत यायचं. त्यात बोलायची सवय लागणार कुठून? पण गप्प बसणं वेगळं आणि लपवणं वेगळं, एवढं मलाही कळतं. तेव्हा आधी माणूस सांगतो, मग माझं सांगतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. राहायला देवासला. तिथल्याच एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांची नोकरी झाली. इंच मागणारा एका खिडकीशी आणि मिलिमीटर मागणारा दुसऱ्या खिडकीशी, आणि मध्ये हे. "आठ सूत म्हणजे एक इंच, एक इंच म्हणजे पंचवीस पॉइंट चार," हे ते अंघोळ करताना रामरक्षेच्या चालीवर म्हणत. लोक खिशाला पेन लावतात, हे टेस्टर लावीत, लग्नकार्यातसुद्धा. एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी तो पेन समजून आहेराच्या पाकिटावर नाव घालायला मागितला, तेव्हा साडूंनी तो काढून दिला आणि, आमच्या माळव्यात भाऊला भिया म्हणतात तसं, गंभीरपणे सांगितलं, "जपून भिया, याच्यात करंट असला तरच हा बोलतो."

कुणाच्याही घरात शिरले की चपला काढायच्या आधी ते मीटर बघत. यजमानांनी "या, या, बसा" म्हणावं, यांनी म्हणावं, "बसतो हो, आधी लोड किती आहे सांगा." मग उजवा हात उलटा करून स्विचबोर्डावर ठेवीत, आई तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवते तसा. डोळे मिटून थोडा वेळ उभे राहत. "ताप नाही," म्हणाले की घरातल्या माणसांनाही उगाच बरं वाटे. मगच पाणी घेत. एकदा देवासला त्यांच्या शेजाऱ्यांकडे नवी सून आली, ती बिचारी वाकून नमस्कार करत होती आणि हे तिच्या डोक्यावरून हात लांब करून बोर्ड चाचपत होते. तिला वाटलं आशीर्वाद देतायत. एका अर्थी देतच होते.

जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना दुसऱ्या कुठल्यातरी मापात हवी असे. देवासच्या माताजीच्या टेकडीवर आम्ही सगळे एकदा चढून गेलो. वर पोचल्यावर मी कठड्याला धरून धापा टाकतोय, बायका पदरानं वारा घेतायत, आणि हे डोळे बारीक करून हिशेब करतायत. म्हणाले, "तुमचं वजन सत्तर किलो, टेकडी शंभर मीटर धरा. एवढी धाप लागली, आणि काम किती झालं माहितीये? नऊ वॅटचा एक बल्ब दोन तास जळेल एवढं." मग देवळाच्या कळसाकडे बघून हात जोडले. "देवीला आपली किंमत माहीत आहे, भिया. म्हणून ती उंचावर बसते."

आमचे सासरे गेले तेव्हाची गोष्ट तर सांगू नये अशी आहे, पण सांगतो. स्मशानात सगळे डोळे पुसतायत, लाकडवाला विचारतोय किती मण, कुणाला काही सुचत नाही. साडू सासऱ्यांना मामा म्हणत; ते पुढे झाले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आठ मण म्हणजे तीनशे किलो. मामा साठ किलोचे, तेवढ्यानं भागायला हवं. पण लाकडाला ओल आहे, पंधरा टक्के ओलीचे वेगळे धरा." थोरल्या मेव्हण्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा माणूस तिथंच विरघळला असता. हे खाली बसून एकेका ओंडक्याला उलटा हात लावत राहिले आणि ओले बाजूला काढत राहिले. शेजारची एक चिता त्या दिवशी धुरानं नुसती कोंडत होती. आमच्या सासऱ्यांची नीट पेटली. परतताना कुणी त्यांना काही बोललं नाही, चांगलंही नाही.

पण त्यांची खरी भक्ती टक्क्यांवर. कढी साठ टक्के जमली, पाहुणे चाळीस टक्के उठायच्या बेतात आहेत, अक्कांचा गुडघा सत्तर टक्के बरा. आणि सगळ्यांच्या वर ऐंशी टक्क्यांचा नियम. फ्यूज सोळा अँपिअरचा, घरात वीज येते दोनशे तीस व्होल्ट; गुणाकार केला की तीन हजार सहाशे ऐंशी वॅट. "पण तेवढे वापरायचे नाहीत. ऐंशी टक्के आपले, वीस टक्के देवाचे." हा नियम त्यांनी तारेवरून उचलला आणि सगळ्या संसाराला लावला. पोट ऐंशी टक्के भरलं की ताटावरून उठायचं. राग ऐंशी टक्क्यांवर आला की चप्पल घालून बाहेर पडायचं. यावर अक्का म्हणत, "माझं शंभर टक्के बोलून व्हायचं असतं, आणि हे वीस टक्के देवाला सोडून निघून जातात. देव कशाला ऐकतोय माझं?"

मला टायफॉइड झाला होता तेव्हा ते मला बघायला देवासहून आले. येताना वजनकाटा घेऊन आले. ऐंशी किलोचा मी चौसष्टवर उतरलो होतो, म्हणजे बरोबर वीस टक्के गेलो होतो. पुढे बरा झालो, अंगावर मूठभर मांस चढलं, आणि मी फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "दादा, वीस टक्के गेले होते, वीस टक्के परत आले." पलीकडे गुणाकार पुटपुटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "नाही आले. तुम्ही शहात्तर पॉइंट आठवर आहात. उतरताना वीस टक्के ऐंशीचे होते भिया, चढताना चौसष्टचे धरताय. माणूस खाली आला की टक्काही लहान होतो. गेलेलं भरून काढायचं तर वीस पुरत नाहीत, पंचवीस लागतात." आणि त्याच रविवारी अक्कांनी केलेले डिंकाचे लाडू घेऊन आले. तीन किलो दोनशे ग्रॅम, मोजून. माझं जेवढं येणं बाकी होतं तेवढे.

असा माणूस. आता माझं.

धारला आमच्याकडे दर भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. घर जुनं, वायरिंग त्याहून जुनं. भिंतीवर लाकडी पट्टी आणि तिच्या आत तार. त्यामुळे सणाच्या आदल्या दिवशी साडू देवासहून यायचे आणि घराचा विजेचा कारभार हातात घ्यायचे. त्या वर्षीही आले. चिनी मातीचा फ्यूज उघडून, जाडी मोजून, नवी तार स्वतः बसवली. मग बैठकीत सगळ्यांना बसवून हिशेब वाचून दाखवल्यासारखा तोंडी सांगितला. फ्रिज दोनशे, मिक्सर पाचशे, मखराची दिव्यांची झालर आणि फोकस मिळून तीनशे, चार पंख्यांचे तीनशे, पाण्याची मोटर अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे तीनशे त्र्याहत्तर, आणि पुरणासाठी इंडक्शन बाराशे. "दोन हजार आठशे त्र्याहत्तर. आपली हद्द दोन हजार नऊशे चव्वेचाळीस." इंदूरच्या आत्याबाई पदरानं वारा घेत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो देवासकर, मग माझ्या खोलीत एक पंखा लावा की."

"एकाहत्तर वॅट उरतात आत्याबाई. पंखा पंचाहत्तरचा."

"म्हणजे?"

"चार वॅट कमी पडतात."

"चार वॅटसाठी म्हातारीला घामात ठेवता? आग लागो तुमच्या हिशेबाला!"

सगळे हसले. आईसुद्धा हसली आणि म्हणाली, "असू दे गं, ते आहेत म्हणून आपण निर्धास्त." माझ्याकडे बघून पुढे म्हणाली, "नाहीतर आमच्या याला घरात बटण कुठलं कशाचं ते तरी माहितीये का?" पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगायचं तर ते मला लागलं. घर माझं, आई माझी, बटणं माझी, आणि देवासहून येऊन हे वाटप करणार. एवढ्याशा गोष्टीचं माणूस किती मोठं करतो, ते स्वतःलाही आधी कळत नाही.

आता आईचं लुगडं. आई सोवळ्याची कडक. नैवेद्य दाखवायचा तो आदल्या दिवशी धुऊन, कुणाचा हात न लागता वाळलेल्या लुगड्यातच. मागच्या खोलीत उंच दांडीवर ती काठीनं ते वाळत घालायची आणि मग त्या खोलीत आम्हांला मज्जाव. त्या वर्षी आठवडाभर झड लागलेली. पूजेच्या दिवशी सकाळी दारातून पाहिलं तर लुगड्याच्या काठावरून अजून पाणी ठिबकत होतं. मी म्हटलं, "आई, रेशमी नेस ना आजचा दिवस." आई म्हणाली, "ओलेत्यानं करीन. देवीला ओलेतं अधिक चालतं." आईला दम्याचा विकार. मागल्या वर्षी अशाच ओलेत्यानं तिला इस्पितळात ठेवावं लागलं होतं. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

साडूंना विचारायला हवं होतं. त्यांनी अर्धा तास इंडक्शन बंद करवला असता, मोटर थांबवली असती, आणि आईसाठी हीटर हिशेबात बसवून दिला असता. आनंदानं बसवला असता. पण मला विचारायचं नव्हतं. ते केळीची पानं आणायला बाजारात गेले तशी मी माळ्यावरचा हीटर काढला, अंग चोरून मागच्या खोलीत शिरलो, लुगड्याला हात न लावता तो खाली ठेवला आणि चालू केला. दोन हजार वॅटचा.

थोड्याच वेळात सगळ्या घरातली वीज गेली. फ्यूज उडाला होता, म्हणजे साडूंच्या तारेनं तिचं काम चोख केलं होतं. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, पुरण अर्धवट राहिलंय!" मी फ्यूज उपसला, त्यांची केसासारखी तुटलेली तार फेकली आणि तिच्या जागी खिळ्याएवढी जाड तार पिळून बसवली. आमच्याकडे माळव्यात निम्मी घरं अशाच तारेवर चालतात, असं मनाला सांगितलं. वीज आली. "आली, आली," बायका म्हणाल्या; पावसानं गावातलीच गेली होती असं त्यांनी धरलं. मला इतका आनंद झाला, की माझ्या घरात मीही काही करू शकतो.

साडू पानं घेऊन आले. सवयीनं बोर्डावर उलटा हात ठेवला, आणि या वेळी तो लगेच काढला नाही. "भिया," ते म्हणाले, "जरा कणकण आहे."

मी म्हणालो, "पावसाळी हवा आहे दादा. तुम्ही चालत आलात, तुमचाच हात गरम असेल."

त्यांनी हाताकडे पाहिलं. मग बोटांवर पुन्हा सगळा हिशेब केला, फ्रिज, मिक्सर, झालर, पंखे, मोटर, इंडक्शन. "दोन हजार आठशे त्र्याहत्तर. बसतंय," म्हणाले. त्यांनी हाताचं ऐकलं नाही, हिशेबाचं ऐकलं. हिशेब खराच होता. त्यात हीटर नव्हता, कारण हीटर मी सांगितला नव्हता. आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

लुगडं वाळलं. मी हीटर गुपचूप परत माळ्यावर टाकला. जाड तार नैवेद्य झाल्यावर काढू म्हटलं. आई अंघोळ करून मागच्या खोलीत गेली आणि तिथूनच हाक मारत आली, "अरे बघा, बघा! देवीनं लुगडं वाळवलं माझं! मघा निथळत होतं!" तिच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं, की आत्याबाईंनी तिलाच नमस्कार केला.

आरतीला सगळे मखरासमोर उभे होते. भिंतीवरची लाकडी पट्टी आतल्या आत कधीची धुमसत असणार. मखरामागून चर्र असा आवाज झाला, तारा एकमेकींना चिकटल्या. त्यांची तार असती तर त्याच क्षणी तुटली असती आणि फक्त अंधार झाला असता. माझी तार तुटली नाही. ठिणग्या पडल्या आणि जरीच्या पडद्यानं पेट घेतला. साडूंनी आधी धावत जाऊन मेन बंद केला, मग दोन्ही हातांनी पडदा ओढून खाली पाडला. माणसांना काही झालं नाही. पण पडद्याबरोबर थोरल्या महालक्ष्मीचा मातीचा मुखवटा खाली आला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तडकला. आमच्या पणजोबांच्याही आधीपासूनचे ते मुखवटे. पूर्वजांनी घाटावरून येताना उराशी धरून आणलेले, असं आई सांगायची.

त्या गडबडीत मी काय केलं? फ्यूज उपसून ती जाड तार खिशात घातली. गरम होती, बोटं पोळली. मला झालेली शिक्षा तेवढीच.

दुपारी वीजवाला आला. पट्टी उघडून म्हणाला, "भिया, अंदर से पूरी जली पड़ी है. लोड ज्यादा हो गया था." लोड हा शब्द ऐकताच सगळ्यांच्या माना साडूंकडे वळल्या. आई वाळलेल्या लुगड्यात बसली होती, मांडीवर तडकलेला मुखवटा. ती मोठ्यानं बोलली नाही. म्हणाली, "देवासकर, चार वॅट मोजत होतात ना? तुमच्या हिशेबानं माझी महालक्ष्मी फोडली."

साडू काळ्या पडलेल्या भिंतीपाशी उभे होते. बोटांवर काहीतरी मोजत होते. पुन्हा पुन्हा. मग हात खाली सोडला आणि म्हणाले, "माझं चुकलं असणार, आई." मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. तार माझ्या खिशात होती.

त्यानंतर आमच्या घरात दर भाद्रपदात दोन गोष्टी सांगितल्या जाऊ लागल्या. देवीनं आईचं लुगडं कसं वाळवलं ती एक, आणि त्याच दिवशी देवासकरांच्या हिशेबानं मखर कसं पेटलं ती दुसरी. आई दोन्ही एकामागून एक सांगायची, आणि त्या एकाच हीटरच्या होत्या हे फक्त मला माहीत होतं. एकीचं खरं सांगायचं तर दुसरीही जायची. आईचा चमत्कार हिरावून घ्यायचा नाही, असं मी स्वतःला समजावत राहिलो. पुढे आई गेली, तो चमत्कार बरोबर घेऊन गेली. मग तीही सबब उरली नाही, तरी मी बोललो नाही. म्हणजे सबब आईची नव्हतीच कधी.

साडू सणाला अजून येतात. अक्का आणतात म्हणून येतात. बाहेरच्या खोलीत बसतात, मीटरकडे बघत नाहीत. खिशाला आता पेन असतो. परवा देवासला त्यांच्याकडे गेलो होतो. नवीन एसी बसवायचा होता आणि अक्का मला म्हणत होत्या, "तुम्हीच बघा हो, आपली लाइन झेपेल का. हे तर तोंडच उघडत नाहीत."

मी साडूंकडे पाहिलं. ते हसून म्हणाले, "कुणा शिकलेल्याला विचारा भिया. माझं गणित कच्चं आहे."

तेव्हाच बोलायचं होतं. तेवढ्यात चहा आला. मी म्हणालो, "दादा, चहा किती टक्के जमलाय?" वाटलं, एवढं तरी परत येईल. त्यांनी एक घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "चांगला आहे."

आज हे लिहितोय खरा, पण त्यातही माझी लबाडी आहेच. आमची पोरं हिंदीत शिकलेली, मराठी बोलतात तीही अर्धी, वाचायला नकोच म्हणतात. मराठीत लिहिलं की आमच्याकडे ते अर्धं लपवल्यासारखंच. अक्का वाचतील कदाचित. साडू नाही वाचायचे. आणि नुसतं त्यांच्या कानात सांगून तरी कसं भागेल? त्यांचं जे गेलं ते भरल्या घरात, आरतीच्या ताटासमोर गेलं. कोपऱ्यात नेऊन हळूच परत दिलं तर ते त्यांच्याच हिशेबानं कमी भरतं. वीस काढून घेतल्यावर वीस पुरत नाहीत. हे मला त्यांनीच शिकवलं, लाडवांसकट.

साडूंचं माझ्याकडे येणं आहे ते हे: महालक्ष्म्यांच्या दिवशी, धारच्या घरात, त्या वेळचे जे कुणी उरलेत त्या सगळ्यांना आणि आमच्या पोरांनाही समोर बसवून, त्यांना कळेल अशा भाषेत, उभं राहून सांगायचं, की दादांचा हिशेब बरोबर होता. हीटर मी लावला होता, जाड तार मी घातली होती. हे मी अजून सांगितलेलं नाही.